सुकाणूवर कोणी नसताना झोपायचं कसं?

जुलै २००५. फ्रान्सिस ज्वायाँ हा फ्रेंच दर्यावर्दी 'इडेक' नावाच्या तीन सांगाड्यांच्या शिडाच्या बोटीतून एकट्यानं उत्तर अटलांटिक ओलांडून आला. न्यूयॉर्कहून निघून इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाशी पोहोचायला त्याला ६ दिवस ४ तास लागले. एकट्यानं हे अंतर कापण्याचा आधीचा विक्रम सात दिवसांच्या वरचा होता आणि तो अकरा वर्षं कोणाला मोडता आला नव्हता. विक्रमाची रेषा ओलांडल्यावर ज्वायाँ तसाच, एकटाच, फ्रान्समधल्या ब्रिटनीच्या किनाऱ्याकडे, घराकडे वळला. वाटेत त्याचा डोळा लागला. बोट पेनमारच्या खडकांवर आदळून फुटली. तो वाचला. याच बोटीतून आदल्या वर्षी त्यानं ७३ दिवसांच्या आत एकट्यानं पृथ्वीप्रदक्षिणा केली होती.

दमलेला माणूस झोपला, एवढंच म्हणून हा प्रसंग सोडून देता येईल. पण एकट्यानं सागरी सफर करणाऱ्यांचे झोपेमुळे झालेले गाजलेले अपघात एकापुढे एक ठेवून पाहिले, की त्यांच्यातलं साम्य चटकन डोळ्यांत भरतं. ते भर समुद्रातले नाहीत. ते जमिनीजवळचे आहेत, आणि पुष्कळदा सफर संपत आलेली असतानाचे आहेत. असं का होतं हे समजायचं तर बोट स्वतः कशी चालते, समोरून येणारं जहाज किती वेळात अंगावर येतं आणि थकलेला मेंदू आपल्याशी कसा वागतो, या तिन्ही गोष्टी नीट पाहाव्या लागतात.

रात्री थांबत का नाहीत?

बहुतेकांचा पहिला प्रश्न असतो, रात्री नांगर टाकून झोपता येत नाही का? नाही. महासागराची सरासरी खोली ३,७०० मीटरच्या आसपास आहे. एवढा दोर कोणत्याही छोट्या बोटीत मावत नाही. बोट रात्रंदिवस चालत राहते. माणूस झोपला तरी वारा झोपत नाही.

मग सुकाणू कोण धरतं? १८९५ ते १८९८ या काळात जगात पहिल्यांदा एकट्यानं पृथ्वीप्रदक्षिणा करणाऱ्या जोशुआ स्लोकमकडे कसलंही यंत्र नव्हतं. त्याची 'स्प्रे' ही जुनी लाकडी बोट तोलाला इतकी पक्की होती, की शिडं बेतानं लावून सुकाणू बांधून ठेवलं की ती तासन्‌तास आपल्या दिशेनं जात राही. सगळ्या बोटी अशा नसतात. हलक्या, वेगवान बोटीचं सुकाणू सोडलं की ती लगेच वाऱ्याकडे तोंड फिरवते.

यावर १९६० च्या सुमारास ब्लॉन्डी हॅस्लर या इंग्रज अधिकाऱ्यानं आणि इतर काहींनी जी युक्ती घडवली, ती मला आजही अतिशय देखणी वाटते. बोटीच्या मागच्या टोकाला एक पातळ उभी फळी असते. वारा ठरलेल्या बाजूनं येतोय तोवर ती सरळ उभी राहते. बोट जरा भरकटली की वारा फळीच्या अंगावर येतो आणि ती कलते. तिच्या कलण्यानं खाली पाण्यात सोडलेलं एक वल्हं किंचित पिळलं जातं. धावत्या पाण्याचा रेटा त्या वल्ह्याला बाजूला ढकलतो आणि वल्ह्याला बांधलेले दोर सुकाणू ओढतात. फळीत जोर नसतोच, जोर पाण्याचा. वीज लागत नाही, आणि बोट जितकी वेगात जाईल तितकी पकड वाढते.

याची एक खोड मात्र कायम ध्यानात ठेवावी लागते. ही फळी दिशा ओळखत नाही, फक्त वारा ओळखते. तुम्ही झोपलेले असताना वारा तीस अंशांनी फिरला, तर बोटही गुमान तीस अंशांनी वळते. ना धक्का, ना आवाज. सगळं कसं छान चाललेलं असतं, फक्त आता समोर जमीन असते. विजेवर चालणारा ऑटोपायलट उलट होकायंत्र धरून बसतो. वारा फिरला तरी तो दिशा सोडत नाही, आणि मग शिडं चुकीच्या कोनात अडकतात. वारा मागून असेल तर मुख्य शीड धाडकन एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला आपटतं, त्यात डोलकाठीसुद्धा जाऊ शकते. शिवाय बॅटरी उतरली की ऑटोपायलट संपला. आजचे ऑटोपायलट वाऱ्याच्या कोनावरही चालवता येतात, पण मूळ पेच तोच राहतो. झोपण्यापूर्वी दर्यावर्दीला ठरवावं लागतं, की पुढच्या तासात काय बिघडण्याची शक्यता जास्त आहे, आणि त्यातलं काय बिघडलेलं आपल्याला परवडेल.

वीस मिनिटांचा हिशेब

एकट्या खलाशांमध्ये वीस मिनिटांच्या झोपेचा दाखला पुष्कळदा दिला जातो. वीस मिनिटं झोपायचं, उठायचं, क्षितिजावर चौफेर नजर फिरवायची, पुन्हा वीस मिनिटं. हा आकडा कुठून येतो ते पाहण्यासारखं आहे.

छोट्या बोटीत उभ्या माणसाचे डोळे पाण्यापासून साधारण दोन मीटर उंच असतात. तिथून दिसणारं क्षितिज जेमतेम तीन सागरी मैलांवर असतं (एक सागरी मैल म्हणजे सुमारे १.८५ किलोमीटर). मोठं जहाज उंच असल्यामुळे त्याचा वरचा भाग त्याही पलीकडून दिसू शकतो. रात्री दिसतात ते दिवे. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार पन्नास मीटरहून लांब जहाजाचा डोलकाठीवरचा दिवा किमान सहा सागरी मैलांवरून दिसला पाहिजे. आता समजा जहाज वीस नॉट वेगानं, म्हणजे तासाला वीस सागरी मैल, तुमच्या समोरून येतंय आणि तुम्ही सहा नॉटनं त्याच्याकडे जाताय. दोघांमधलं अंतर तासाला सव्वीस मैलांनी कमी होतंय. सहा मैल संपायला लागतात जवळपास चौदा मिनिटं.

म्हणजे वीस मिनिटं हा आकडा हवा स्वच्छ असेल आणि आठ-नऊ मैलांपर्यंत दिसत असेल तरच खरा. पाऊस, धुकं किंवा उंच लाटा असतील तर तो खोटा ठरतो. शर्यतीतल्या नव्या बोटी पंचवीस नॉटनंही पळतात, तेव्हा तेच सहा मैल आठ मिनिटांत संपतात. ते जहाज आपल्याला चुकवेल या भरवशावरही राहता येत नाही. बारा ते वीस मीटर लांबीच्या शिडाच्या बोटीच्या बाजूच्या दिव्यांना नियम दोनच मैलांची सक्ती करतो. पहिल्या उदाहरणातल्या वेगानं हे अंतर पाच मिनिटांच्या आत संपतं, आणि अवाढव्य मालवाहू जहाजाला तेवढ्यात वळायला सवड फार थोडी मिळते.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. १९७२ च्या आंतरराष्ट्रीय टक्करविरोधी नियमांतला पाचवा नियम म्हणतो, की प्रत्येक नौकेनं सदासर्वकाळ डोळ्यांनी आणि कानांनी योग्य टेहळणी ठेवली पाहिजे. त्यात 'एकटा असेल तर सूट' असं कुठेही लिहिलेलं नाही. एकटा खलाशी झोपतो तेव्हा तो हा नियम मोडत असतो, अगदी प्रत्येक वेळी. या खेळावर माझं मनापासून प्रेम आहे, तरी ही बाजू झाकून ठेवणं मला पटत नाही. झोपलेल्या खलाशाची बोट एखाद्या लहान मासेमारी नौकेवरही आदळू शकते, आणि त्या नौकेवरच्या लोकांनी ही जोखीम पत्करलेली नसते.

हा धोका कमी करण्यासाठी आता यंत्रं मदतीला आहेत. एआयएस ही व्यवस्था जहाजाचं नाव, जागा, वेग आणि दिशा रेडिओवरून सतत सांगत राहते. आंतरराष्ट्रीय प्रवास करणाऱ्या ३०० टनांवरच्या जहाजांना ती बंधनकारक आहे. बोटीवरचं यंत्र आकडेमोड करून सांगतं, की हे जहाज सर्वात जवळ कधी आणि किती अंतरावर येईल. अंतर ठरवलेल्या मर्यादेच्या आत येणार असेल तर ते भोंगा वाजवतं. रडारभोवतीही असंच अदृश्य कुंपण घालता येतं. यामुळे भर महासागरात तास-दीड तास सलग झोपणं आता पूर्वीपेक्षा बरंच सुरक्षित झालंय. पण लहान मासेमारी नौकांवर एआयएस असेलच असं नाही, असली तरी चालू असेलच असं नाही. देवमासा, हिमनगाचा तुकडा आणि पाण्यात अर्धवट बुडालेला कंटेनर काहीच प्रसारित करत नाहीत.

झोपेचे दोन धनी

आपल्याला झोप कधी येईल हे दोन गोष्टी ठरवतात. पहिली म्हणजे झोपेचा दाब. जागेपणी मेंदूत अ‍ॅडिनोसिन नावाचं रसायन साठत जातं, आणि जितकं ते साठेल तितकी पापणी जड होते. झोपलं की ते ओसरतं. कॉफी हा दाब कमी करत नाही. तिच्यातलं कॅफिन अ‍ॅडिनोसिनच्या जागा अडवून धरतं, त्यामुळे मेंदूला दाब जाणवत नाही इतकंच. थकवा तिथेच असतो, त्याचा निरोप पोहोचत नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे शरीराचं घड्याळ. ते मेंदूत खोलवर, डोळ्यांकडून येणाऱ्या नसा जिथे एकमेकींना ओलांडतात त्याच्या वर असतं आणि उजेडावर चालतं. पहाटे दोन ते सहा या वेळात ते शरीराला ओढून ओढून झोपवायला बघतं. त्या वेळच्या झोपेला आपल्याकडे साखरझोप म्हणतात. घरात ती गोड असते, बोटीवर तिचीच सर्वात जास्त धास्ती. दुपारी जेवणानंतरची वेळही जरा पेंगुळलेली असते. उलट संध्याकाळी, नेहमीच्या झोपेच्या आधीचे दोन-तीन तास शरीर झोपेला जवळ येऊ देत नाही. इस्रायलमधले संशोधक पेरेट्झ लावी यांनी १९८० च्या दशकात लोकांना दर वीस मिनिटांतली सात मिनिटं झोपायला आणि तेरा मिनिटं जागं राहायला सांगितलं, दिवसरात्र. संध्याकाळच्या त्या पट्ट्यात, भरपूर जागरण झालेलं असूनही, लोकांना त्या सात मिनिटांत झोप लागत नव्हती. थोड्या वेळानं मात्र दार उघडावं तशी ती लागायची.

एकट्या खलाशासाठी ही माहिती सोन्याच्या मोलाची आहे. संध्याकाळी वारा शांत आहे, आता झोपून घेऊ म्हणून पडलं तर तळमळण्यात एक तास जाईल. तोच तास दुपारी वापरला तर खरी झोप पदरात पडेल. म्हणून जाणते खलाशी झोपेची वाट बघत बसत नाहीत, भर उन्हातसुद्धा झोपतात. शर्यतीच्या पहिल्या दिवशी हे सर्वात अवघड जातं. अंगात उत्साह संचारलेला असतो, आजूबाजूला बोटींची गर्दी असते आणि झोपेची आठवणही होत नाही. पहिले दीड-दोन दिवस असेच गेले, की तिसऱ्या दिवसापासून चुकीचे निर्णय सुरू होतात.

डुलकी किती लांब हवी?

झोप लागली की आपण आधी हलक्या झोपेत आणि मग गाढ झोपेत उतरतो. त्यानंतर स्वप्नांची झोप येते. असा एक फेरा साधारण दीड तासाचा असतो. गाढ झोपेच्या मध्यावर कोणी उठवलं की माणूस उठतो खरा, पण त्याचा मेंदू मागेच राहतो. ही धुंदी सहसा पंधरा मिनिटं ते अर्धा तास टिकते. त्या अवस्थेत डेकवर जाऊन शीड उतरवणं किती धोक्याचं आहे हे सांगायला नको. म्हणूनच डुलकी एकतर वीस-पंचवीस मिनिटांची, गाढ झोपेच्या अलीकडेच संपणारी, नाहीतर पूर्ण दीड तासाची घ्यावी असं सांगतात.

या सल्ल्यात एक मोठी खोच आहे. वीस मिनिटांत गाढ झोप लागत नाही, हे बऱ्यापैकी झोप झालेल्या माणसाबद्दल खरं आहे. तीन दिवस नीट न झोपलेला माणूस काही मिनिटांतच तळाला जातो. त्याचा मेंदू आधी गाढ झोपेची थकबाकी वसूल करायला बसतो. अशा वेळी वीस मिनिटांचा गजर त्याला नेमका सर्वात खोल जागी गाठतो, आणि तिथे गजर ऐकूच न येण्याची शक्यताही सर्वात जास्त असते. म्हणजे छोट्या डुलक्यांची पद्धत तिची सर्वात जास्त गरज असलेल्या माणसाकडेच निकामी होते. थकवा फार वाढण्याआधीच झोपत राहिलं, तरच ती चालते.

इटालियन झोपसंशोधक आणि स्वतः खलाशी असलेले क्लाउडिओ स्टाम्पी यांनी हा विषय आयुष्यभर लावून धरला. अटलांटिकच्या एकट्यांच्या शर्यतींतल्या खलाशांच्या झोपेचा त्यांनी अभ्यास केला. चांगली कामगिरी करणारे पुष्कळदा वीस मिनिटं ते एक तास अशा तुकड्यांत झोपत, आणि दिवसभरातली त्यांची झोप पाच तासांच्या आसपास भरे. पुढे त्यांनी एलेन मॅकार्थर या इंग्रज दर्यावर्दीबरोबर काम केलं. वाँदे ग्लोब ही फ्रान्समधून सुरू होऊन तिथेच संपणारी, मदतीशिवाय, न थांबता, एकट्यानं जग फिरण्याची शर्यत. २०००-०१ च्या वाँदे ग्लोबमध्ये चोवीस वर्षांची मॅकार्थर दुसरी आली. ९४ दिवसांत तिनं ८९१ डुलक्या घेतल्या, सरासरी ३६ मिनिटांच्या. दिवसाला सरासरी ५.७ तास.

हा आकडा मी पहिल्यांदा वाचला तेव्हा थक्क झालो ते झोप किती कमी म्हणून नव्हे, किती जास्त म्हणून. एकटी खलाशी म्हणजे झोपेवर विजय मिळवलेली कोणी अद्भुत व्यक्ती, असं चित्र डोक्यात असतं. प्रत्यक्षात तिनं झोपेसाठी जिवापाड मेहनत घेतली. थंडगार, ओल्या, आदळणाऱ्या बोटीत दिवसातून नऊ-दहा वेळा आडवं व्हायचं, दर वेळी झोप मिळवायची, दर वेळी उठायचं. शिडं बदलण्याइतकंच हेही काम. ते शिस्तीनं केलं म्हणून बाकीची कामं झाली.

आडवं होणंही साधं नसतं. कार्बनच्या सांगाड्यावर पाणी आपटतं तो आवाज ढोलात बसून ऐकावा तसा असतो. बोट कलली तर पडू नये म्हणून बिछान्याच्या कडेला कापड ताणून बांधतात. पाय बोटीच्या पुढच्या टोकाकडे करून झोपतात, कारण काही आदळलं तर डोक्याऐवजी पाय पुढे असावेत. अंगावर भिजके रेनकोट तसेच ठेवून झोपायची वेळ येते. आणि इतक्या गोंगाटात झोपलेला खलाशी गोंगाटातल्या बदलानं जागा होतो. दोराचा कुरकुर आवाज थांबला, पाण्याची सळसळ जरा वरच्या पट्टीत गेली, की डोळे उघडतात. झोपेतही मेंदू ओळखीच्या आणि अनोळखी आवाजांत फरक करतो. तान्ह्या बाळाची आई पावसाच्या आवाजात गाढ झोपते आणि बाळाच्या हुंकारानं उठते, तसंच हे.

जाता जाता एका पक्ष्याबद्दल. गॅलापागोस बेटांवरच्या फ्रिगेट पक्ष्यांच्या डोक्यावर छोटी यंत्रं बसवून शास्त्रज्ञांनी त्यांची झोप मोजली. २०१६ मध्ये निष्कर्ष छापून आले. दहा-दहा दिवस न उतरता उडणारा हा पक्षी हवेत दिवसाला सरासरी ४२ मिनिटंच झोपतो, तीही काही सेकंदांच्या तुकड्यांत, आणि पुष्कळदा मेंदूचा अर्धाच भाग झोपवून. जमिनीवर परतला की दिवसाला बारा तासांहून जास्त. माणसाला अर्धा मेंदू जागा ठेवता येत नाही. आपण झोपलो की पूर्ण झोपतो.

मला झोप आलेली नाही

आता सगळ्यात महत्त्वाचा भाग. कमी झोपेचा सर्वात वाईट परिणाम कोणता? स्नायू ढिले पडणं नाही, चिडचिडही नाही. आपण किती थकलोय हे ओळखण्याची क्षमताच जाते.

पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या संशोधकांनी २००३ मध्ये छापलेला एक प्रयोग याबाबत फार बोलका आहे. काही लोकांना सलग चौदा दिवस रोज सहाच तास झोपू दिलं. त्यांची प्रतिक्रियेची गती आणि लक्ष रोज थोडं थोडं घसरत गेलं. शेवटी ते एक ते दोन रात्री अजिबात न झोपलेल्या माणसाइतकं झालं. पण त्यांना स्वतःला विचारलं तर ते म्हणत, थोडी झोप येते, बाकी ठीक आहे. घसरण चालू राहिली आणि जाणीव मात्र सुरुवातीच्या काही दिवसांतच थांबली. दुसरीकडे ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी १९९७ मध्ये दाखवलं होतं, की सतरा तास सलग जागा माणूस रक्तात ०.०५ टक्के मद्य असलेल्या माणसाइतका मंद होतो. अनेक देशांत गाडी चालवण्याची कायदेशीर मर्यादा एवढीच आहे. आणि पिणाऱ्याला निदान आपण प्यायलोय हे ठाऊक असतं.

यापुढची पायरी म्हणजे क्षणझोप. डोळे उघडे असले तरी मेंदू काही सेकंद बंद पडतो, आणि माणसाला पत्ताही नसतो. त्याच्याही पुढे भास. वाऱ्यात गाणं ऐकू येतं, कोणीतरी हाक मारतं, डेकवर आणखी एक माणूस आहे असं वाटतं. स्लोकमनं अझोर्स बेटांच्या पुढे आल्यावर असं लिहून ठेवलंय. प्लम आणि पांढरं चीज खाऊन त्याचं पोट बिघडलं, तो केबिनच्या जमिनीवर वेदनेनं पडून होता, बाहेर वादळ होतं. शुद्ध आली तेव्हा सुकाणूवर एक उंच माणूस उभा दिसला. त्यानं सांगितलं, मी कोलंबसच्या 'पिंटा' जहाजाचा सुकाणूदार, तुझी बोट मी नेतो. नंतर भानावर आल्यावर स्लोकमनं पाहिलं, तर बोट आपल्या दिशेवर होती आणि रात्रीत नव्वद मैल पुढे आली होती. त्याचं कारण आजारपण होतं, पण अतोनात जागरणानंतरही खलाशांनी अशा सोबत्यांची वर्णनं केली आहेत. गंमत वाटावी अशी ही गोष्ट धोक्याची ठरते, कारण काही जण त्या सोबत्यावर विश्वास ठेवून खाली झोपायला जातात.

स्वतःच्या अंदाजावर भरवसा ठेवता येत नाही, म्हणून शहाणा खलाशी ताजा असतानाच निर्णय घेऊन ठेवतो. वारा अमुक नॉटवर गेला की शीड कमी करायचं, मग झोप येत असो वा नसो. चोवीस तासांत चार तासांपेक्षा कमी झोप झाली तर पुढचं कोणतंही काम बाजूला ठेवून आधी झोपायचं. नकाशावरची जागा दोनदा तपासायची. असे नियम कागदावर लिहून समोर चिकटवलेले असतात, कारण पहाटे तीन वाजता ते आठवतील याची खात्री नसते.

जमिनीवर राहणाऱ्यांसाठी इथे एक सूचना. तुकड्यातुकड्यांत झोपून दिवसाचे तास वाचवण्याच्या कल्पना अधूनमधून पसरत असतात, आणि दाखला म्हणून खलाशांची नावं घेतली जातात. २०२१ मध्ये झोपतज्ज्ञांच्या एका गटानं उपलब्ध अभ्यास तपासून सांगितलं, की अशा वेळापत्रकांनी फायदा होत असल्याचा पुरावा नाही, उलट अपाय दिसतात. खलाशी असं झोपतात ते नाइलाजानं आणि ठरावीक काळापुरतं.

किनारा

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे येऊ.

१६ नोव्हेंबर २०१८. अटलांटिक ओलांडणाऱ्या 'रूट दु रम' शर्यतीत अ‍ॅलेक्स थॉमसन आपल्या गटात मोठ्या फरकानं पहिला होता. शेवट कॅरिबियनमधल्या ग्वादलूप बेटावर. शेवटच्या रात्री डुलकी घेताना त्याचा भरवसा मनगटावरच्या एका यंत्रावर होता. ते विजेचा झटका देऊन उठवतं. त्या यंत्राची बॅटरी उतरली होती. तो झोपून राहिला आणि बोट त्याच बेटाच्या कड्यांवर गेली. निघण्यासाठी त्याला इंजिन सुरू करावं लागलं, त्याचा २४ तासांचा दंड बसला आणि तो तिसरा ठरला.

जानेवारी २०२१. वाँदे ग्लोबमध्ये ऐंशी दिवस समुद्रात काढून बोरिस हेरमान पहिल्या काही जणांत होता. शेवटची रेषा नव्वदेक सागरी मैलांवर असताना तो डुलकी घेत होता आणि बोट एका मासेमारी नौकेवर धडकली. एकाही भोंग्यानं इशारा दिला नव्हता, असं त्यानं नंतर सांगितलं. तो मोडक्या बोटीनं पाचवा आला. सप्टेंबर २००९ मध्ये सोळा वर्षांची जेसिका वॉटसन ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्याजवळ सरावाच्या सफरीवर असताना, थोडी विश्रांती घेत असताना, मालवाहू जहाजाशी टक्कर होऊन तिची डोलकाठी मोडली. पुढच्याच महिन्यात ती पुन्हा निघाली आणि २१० दिवसांत जग फिरून परत आली. त्या २१० दिवसांत बोट अनेकदा उलटीपालटी झाली, पण जहाजाशी टक्कर झाली नाही.

सगळे धोके किनाऱ्याजवळच एकत्र येतात. मासेमारी नौका तिथे, जहाजांचे रस्ते तिथे, खडक तिथे. जमिनीमुळे वारा सतत फिरतो, म्हणजे स्वयंचलित सुकाणूवरचा विश्वास कमी. वीस मिनिटांचीही झोप धोक्याची. आणि नेमकी इथेच खलाशाची झोपेची तिजोरी रिकामी असते, कारण शर्यत असेल तर शेवटचे दोन दिवस त्यानं जोर लावलेला असतो. त्यातच मन सैल पडतं. ज्वायाँच्या बाबतीत तर शर्यत संपलेलीच होती, विक्रम झालेला होता. आठवडाभर शरीराला जागं ठेवणारा ताण एकदम उतरला, तेव्हा साठलेला सगळा दाब एका वेळी अंगावर आला असणार असं मला वाटतं.

यावरचा उपाय ऐकायला सोपा आहे, करायला फार कठीण. किनाऱ्यापासून शंभर-दोनशे मैल बाहेर असतानाच, समुद्र मोकळा असताना, दीड-दीड तासाच्या दोन-तीन झोपा मुद्दाम घ्यायच्या, मग शर्यतीत दोन जागा मागे पडावं लागलं तरी. जमीन दिसायच्या वेळी ताजं असलं पाहिजे हे गणित आठवडाभर आधीपासून मांडायचं. आणि तरीही किनाऱ्यापाशी पोहोचताना रात्र झाली, डोळ्यांवर झापड आली, तर बंदराचे दिवे समोर दिसत असतानाही आत शिरायचं नाही. पुढचं शीड उलट्या बाजूला ताणून, सुकाणू एका कडेला बांधून बोट जवळजवळ जागच्या जागी डुलत ठेवता येते. याला खलाशी हीव्ह-टू म्हणतात. त्याआधी बोटीचं तोंड पुन्हा समुद्राकडे फिरवायचं, खडकांपासून आणि जहाजांच्या वाटेपासून दहा-पंधरा मैल दूर जायचं, एआयएसचा भोंगा तपासायचा, गजर एक नाही दोन लावायचे. मग मागे वळून बंदराच्या दिव्यांकडे एकदा बघायचं, आणि उजाडेपर्यंत तुकड्या तुकड्यांत झोपायचं.